टाके निघाल्यानंतरचे बारा आठवडे

कोयता अंगावर येताना दिसला की हात वर जातो. ठरवून नाही जात, आपोआप जातो, डोकं आणि मान वाचवायला. त्यामुळे जखमाही ठरलेल्या जागीच सापडतात. करंगळीच्या बाजूने मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या मागच्या अंगाला बोटांच्या मुळाशी, आणि ज्याने पातंच पकडायला बघितलं त्याच्या तळहातावर आडवी. डॉक्टर लोक याला बचावाच्या जखमा म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यातही हाताचं काम जास्त करते, पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. माझ्याकडे मशीनमध्ये हात गेलेले कामगार येतात, काच लागलेल्या बायका येतात, गाडीवरून पडलेले येतात, आणि गेली काही वर्षं या बचावाच्या जखमा घेऊन पोरं यायला लागलीयत. १७, १९, २२ अशी वयं. पंचविशीच्या पुढचा क्वचित एखादा.

सर्जनने तुटलेलं टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत नेणारी दोरी, शिवलं की घरच्यांना वाटतं झालं, आता टाके निघाले की पोरगा मोकळा. पण हाताचं खरं काम तिथून सुरू होतं. शिवलेलं टेंडन पहिले दोन-तीन आठवडे फार कच्चं असतं, अजिबात हलवलं नाही तर आजूबाजूला चिकटून बसतं, जोरात हलवलं तर पुन्हा तुटतं, म्हणून साधारण सहा आठवडे स्प्लिंट (हात ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साचा), त्या स्प्लिंटमध्येच दिवसातून कितीतरी वेळा मोजून-मापून व्यायाम, मग हलकी कामं, आणि जड उचलायला परवानगी बारा आठवड्यांनंतर. मनगटापाशी नस, म्हणजे मेंदूचा निरोप आणणारी नर्व्ह, तुटली असेल तर प्रकरण अजून लांबतं. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे वाढते, तळहाताच्या बारीक स्नायूंपर्यंत पोचायला तिला महिने लागतात, आणि तोपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होऊन बसायची भीती कायम.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे त्या बारा आठवड्यांत हा पोरगा परत परत माझ्यासमोर येऊन बसतो. पोलीस त्याचा जबाब घेऊन जातात, सर्जनसमोर तो भूल दिलेला असतो, पेपरमध्ये त्याच्यावर चार ओळी येतात. समोर बसवून, हात हातात घेऊन, काही घाई नसताना त्याच्याशी बोलणारं माणूस बहुतेक वेळा मीच असते किंवा माझ्यासारखं कुणीतरी. आणि त्या बोलण्यातून मला जे कळत गेलं ते मला पेपरात कधीच नीट वाचायला मिळालेलं नाही, म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी सगळे पडलेले असतात. "पडलो मॅडम." "पत्रा लागला." "काच घुसली." समोर केसपेपरवर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, असं लिहिलेलं असतं, जखमेची कड सांगते की हे पत्र्याचं काम नाही, पण पोरगा खाली बघून पडलोच म्हणतो. आई शेजारी बसलेली असते, ती पण काही बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आई कामावर परत जायला लागते, पोरगा एकटा येतो, आणि मग हळूहळू बोलतो. गोष्ट जवळपास सारखीच असते. आमच्याकडे का बघतो, यावरून झालं. इन्स्टाला स्टेटस टाकलं होतं त्यावरून झालं. मिरवणुकीत धक्का लागला, दहीहंडीच्या वर्गणीवरून वाजलं, कुणाचे दोन हजार राहिले होते. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "मॅटर माझा नव्हता, मित्राचा होता." आणि ज्याने वार केला त्याला तो बहुतेक ओळखतो, एकाच शाळेत होते, दोन गल्ल्या सोडून राहतो, कधीकाळी एकाच मंडळात ढोल वाजवलेला असतो.

एक पोरगा होता, १९ वर्षांचा, डिलिव्हरीचं काम करायचा. उजव्या हाताचं, तीन बोटांचं टेंडन. अतिशय मन लावून व्यायाम करायचा, इतका की मला त्याला थांबवावं लागायचं. पाचव्या आठवड्यात त्याने विचारलं की मूठ पूर्ण कधी वळेल. सगळेच विचारतात, पण हा रोज विचारायला लागला, आणि जेवण, गाडी, मोबाइल यातल्या कशासाठी हवीय हे काही सांगेना. मग एकदा म्हणाला, "ते परत आले तर? डिकीत ठेवायला लागतं मॅडम." स्प्लिंट अजून हातावर होतं तेव्हा. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. नाकाबंदीत गाडी तपासली, डिकीत कोयता सापडला, आर्म्स अ‍ॅक्ट ४/२५, म्हणजे बेकायदा हत्यार बाळगल्याचा गुन्हा, लागला. त्याच्यावर हल्ला झाला त्याची फिर्याद कुठेच नव्हती, कारण तिथे तो पडलेला होता. कागदावर त्याची ओळख सुरू झाली ती आरोपी म्हणून.

मला या लेखात एवढंच सांगायचंय. जखमी आणि आरोपी हे दोन वेगळ्या जातीचे तरुण आहेत असं आपण धरून चालतो, आणि बऱ्याचदा तो एकच पोरगा असतो, तारीख फक्त वेगळी असते. त्याला मदत करायची वेळ पहिल्या तारखेला असते, आणि त्या तारखेला तिथे कुणीही नसतं.

हे माझ्या टेबलावरचं निरीक्षण म्हणून सोडून द्या म्हणाल तर अभ्यासकांनी हे फार आधी पाहिलंय. मार्विन वुल्फगँग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ मधल्या ५८८ खुनांच्या पोलिसांकडच्या नोंदी एकेक करून वाचल्या, १९५८ मध्ये ते काम छापून आलं, आणि त्यातल्या १५० प्रकरणांत पहिला हात मेलेल्या माणसाने उचललेला होता. म्हणजे त्या रात्री पाच सेकंद इकडेतिकडे झाली असती तर आरोपी आणि मयत यांची अदलाबदल झाली असती. त्यानंतर कितीतरी देशांत हेच दिसत आलंय, की तरुण वयात मार खाण्याची आणि मार देण्याची शक्यता एकाच मुलांच्या वाट्याला एकत्र येते. अजून मागे जायचं तर बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्येच फ्रान्सचे आकडे मांडून दाखवलं होतं की गुन्ह्याचा कल विशी-पंचविशीच्या आसपास टोकाला जातो आणि मग उतरत जातो. दोनशे वर्षांत तंत्रज्ञान बदललं, शहरं बदलली, ही चढण-उतरण फारशी बदलली नाही.

पण इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायचीय, कारण "जखमी आणि आरोपी एकच" हे वाक्य फार पटकन चुकीच्या जागी वापरलं जातं. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला, कारण तिने त्याला नकार दिला होता. त्या मुलीचा यात काडीचा वाटा नव्हता. नकार हा वाटा नसतो. माझ्याकडे बायका-मुली बचावाच्या जखमा घेऊन येतात तेव्हा वार करणारा नवरा असतो, दीर असतो, मागे लागलेला कुणीतरी असतो, आणि त्या परत काही मारायला जात नाहीत, त्या काम सोडतात, क्लास सोडतात, गावी जातात. त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि ती पोरांच्या गोष्टीत मिसळून टाकली की पहिला अन्याय त्यांच्यावरच होतो. त्या सकाळी तिला वाचवायला जे धावले ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, त्याच वयाचे तरुण होते हेही विसरू नये. त्या पेठेत अभ्यासिकेत बसलेल्या हजारो पोरांकडे कुणी "आजकालची पिढी" म्हणून बघत नाही, आणि अप्पर इंदिरानगरसारख्या वस्तीतल्या पोराकडे मात्र तो काही करायच्या आधीपासून तसंच बघितलं जातं.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागचं. कोयता म्हणजे ऊसतोडीचं, नारळ सोलायचं, फांद्या छाटायचं हत्यार, अवजारांच्या दुकानात कुणालाही मिळतं, पिस्तुलापेक्षा कितीतरी स्वस्त. २०२२ च्या डिसेंबरात आंबेगाव-सिंहगड कॉलेजच्या भागात दोन पोरांनी रस्त्यावर कोयते नाचवले, दिसेल त्याच्यावर वार केले, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि "कोयता गँग" हा शब्द घराघरात पोचला. तशी कुठली एक गँग कधी नव्हतीच. बिबवेवाडी, धनकवडी, हडपसर, येरवडा, वारजे, जिथे तिथे आपापली आठ-दहा पोरं, रात्री येऊन रांगेने लावलेल्या रिक्षा-गाड्यांच्या काचा फोडायच्या, आरडाओरडा करायचा, "आम्हीच इथले भाई" म्हणायचं आणि पळायचं. गाड्या कुणाच्या, तर त्यांच्याच वस्तीतल्या रिक्षावाल्या काकांच्या, भाजीच्या टेम्पोवाल्याच्या. २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयतेवाले पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली, दुकानदारांना कोयता विकताना आधार कार्ड बघा म्हणून सांगितलं. पोलिसांनी काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही, रात्र रात्र गस्त घालणारे पोलीस मी बघितलेत, त्यांच्या हातांवरही मी काम केलंय.

धिंडीबद्दल मात्र मला बोलायचंय. आरोपी पकडला की त्याच्याच वस्तीतून त्याला चालवत न्यायचं, गुडघ्यावर बसवायचं, कान पकडायला लावायचं, आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. लोकांना बरं वाटतं, मी समजू शकते, ज्याच्या रिक्षाची काच फुटलीय त्याला तर वाटणारच. पण माझ्या टेबलावर बसणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये मी हे व्हिडिओ बघितलेत, खाली गाणं लावून, "भाई परत येणार" लिहून. या पोरांचं सगळं भांडण मुळात मान-अपमानाचं असतं. चार लोकांत कोण कुणाला काय बोललं, यावर हात तुटलेले असतात. अशा पोराला भर वस्तीत गुडघ्यावर बसवलं की तो एकतर हिरो होतो नाहीतर आतून जळत राहतो, आणि दोन्हीचा हिशोब पुढे कुणीतरी तिसराच चुकता करतो. शिवाय अजून कोर्टात काहीच सिद्ध झालेलं नसतं, हे तर आपण विसरूनच गेलोय.

आणि हिशोब चुकता होतो म्हणजे काय होतं ते नाना पेठेने बघितलंय. १ सप्टेंबर २०२४ ला तिथे माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा खून झाला. ५ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, त्याच पेठेत एका कॉलेजच्या मुलाला त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. धाकट्या भावाला क्लासवरून घेऊन तो घरी परतत होता. आधीच्या खुनात त्याच्या वडिलांचं नाव आरोपी म्हणून होतं, आणि हा खून त्याचा बदला म्हणून झाला असा पोलिसांचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे. मला त्या सगळ्या टोळीयुद्धाच्या बातम्यांत फक्त धाकट्या भावाला क्लासवरून आणणं दिसत राहिलं. घरातला मोठा मुलगा जे करतो ते तो करत होता.

आता वयाचं. दरवेळी काही झालं की चर्चा १८ या आकड्यावर येते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला आलिशान गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि १७ वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सगळा देश बाल न्याय कायद्यावर तुटून पडला. तो राग बरोबर होता, निबंधाची अट त्या दोन घरांची चेष्टा वाटावी अशीच होती. पण त्या रागातून "वय कमी करा, सरळ जेलमध्ये घाला" हा जो निष्कर्ष निघाला त्याची किंमत माझ्याकडे येणाऱ्या पोरांसारखी पोरं मोजतात, ज्यांच्या दिमतीला वकिलांची फौज नसते. तसंही २०१५ च्या कायद्यात १६ ते १८ मधल्या मुलावर जघन्य म्हणजे सगळ्यात गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालवायची सोय आहेच, आधी बाल न्याय मंडळाने त्याची समज आणि परिस्थिती तपासायची एवढी अट आहे. मला काळजी १८ नंतरची वाटते. आदल्या दिवसापर्यंत निरीक्षणगृह, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी मोकळं ठेवून देखरेख करणारा), रेकॉर्ड पुसायची तरतूद, आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी येरवडा जेल. हाड तेच, डोकं तेच, मित्र तेच.

गंमत नाही, खरंच चांगले कायदे आपल्याकडे पडून आहेत. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं सहावं कलम सांगतं की २१ वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नका, पाठवायचंच असेल तर का ते न्यायाधीशांनी लिहून द्या. १९२९ चा बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तरुण गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी ठेवायच्या सुधारशाळांचा, कायदा मुंबई इलाख्यात याच वयासाठी केला होता, नाशिकला त्याखाली किशोर सुधारालय आहे. कागदावर हे सगळं आहे. पण हे लागू होतं शिक्षा ठरल्यावर, आणि आपली पोरं शिक्षा ठरायच्या आधीच आत असतात. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमधले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला संपलेलाच नाही असे, आणि त्या कच्च्या कैद्यांमधले जवळजवळ निम्मे १८ ते ३० या वयातले. येरवडा जेलची क्षमता साधारण अडीच हजार, आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे जामिनासाठी जामीनदार मिळेपर्यंत थांबलेला १९ वर्षांचा पोरगा कुणाशेजारी झोपतो आणि बाहेर आल्यावर त्याला कोण फोन करतं, याचा विचार करा. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळवर गोळ्या झाडल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो विशीचा पोरगा होता, त्याच्याच सोबत वावरणारा. मोठ्या नावांना अशी पोरं कायम लागतात, पुढे करायला.

माझ्या विषयापुरतं सांगायचं तर आत गेलं की थेरपी थांबते. टेंडन शिवून चार आठवडे झालेत, पोरगा आत गेला, स्प्लिंट काढून ठेवलं किंवा कुणीतरी काढून घेतलं, व्यायाम कोण करून घेणार. तीन महिन्यांनी जामिनावर येतो तेव्हा बोटं आखडलेली असतात, परत ऑपरेशन करावं लागेल असं सर्जन सांगतात, आणि ते कुणी करत नाही. मग तो कायमचा आखडलेला उजवा हात घेऊन काम शोधायला जातो. तिथे दुसरी भिंत लागते ती चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याची. सिक्युरिटीची नोकरी, चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम, कॅबचा बॅज, सगळीकडे पोलिसांचा दाखला मागतात, आणि केस चालू असेल तर त्यावर तसा शेरा येतो. केस चार-पाच वर्षं चालते. म्हणजे १९ ते २४ हे नेमकं जे वय, ज्यात बाकीची पोरं नोकरीला लागतात, लग्नं करतात आणि आपोआप या सगळ्यातून बाहेर पडतात, ते वय याचं दाखल्यावाचून जातं. बहुतेक पोरं मोठी होताना मारामारी सोडून देतात हे केटलेंपासून माहितीय, आणि सोडायला लावणाऱ्या गोष्टी तरी काय, तर पगार, बायको, लवकर उठून जायची ड्युटी. त्याच गोष्टींचं दार आपण बंद करून ठेवतो आणि मग म्हणतो सुधारत नाहीत.

घरांबद्दल मी कमी लिहितेय कारण त्याबद्दल सगळेच लिहितात, बाप दारू पितो, आई धुणीभांडी करते वगैरे. ते खरं असतं बऱ्याचदा. पण त्याच घरातला दुसरा भाऊ आयटीआय करून कंपनीत लागलेला असतो. लहानपणी मार खाल्लेल्या किंवा हेळसांड झालेल्या मुलांचा अमेरिकेत कॅथी विडम यांनी वर्षानुवर्षं माग काढला, त्यांच्यात पुढे अटक व्हायचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं हे खरं, पण त्यातल्या बहुतेक मुलांना हिंसेच्या गुन्ह्यात कधीच अटक झाली नाही हेही त्याच अभ्यासात आहे. हे दुसरं वाक्य मला आयांना सांगायला फार उपयोगी पडतं. त्या आधीच सगळा दोष पदरात घेऊन बसलेल्या असतात.

मग करायचं काय, तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं उदाहरण मला सारखं आठवतं, कारण तिथे पोलिसांच्या बरोबरीने माझ्यासारखेच लोक या कामात उतरले होते. चाकू-सुऱ्यांनी एकमेकांना फाडणारी तरुण पोरं, वस्तीवस्तीच्या टोळ्या, युरोपातली खुनांची राजधानी म्हणून नाव झालेलं. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी एक वेगळं युनिट काढलं आणि हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून बघायचं ठरवलं, म्हणजे साथीच्या रोगासारखं, कुणाकडून कुणाला लागतंय, कुठे अडवता येईल. टोळ्यांच्या पोरांना कोर्टाच्या खोलीत बोलावून घेतलं, तिथे पोलिसांनी सांगितलं की यापुढे एकाने काही केलं तर सगळ्या टोळीच्या मागे लागू, आणि त्याच खोलीत मुलगा गमावलेली आई बोलली, सर्जन बोलले, आणि शेवटी ज्याला सोडायचंय त्याने या नंबरवर फोन करा, नोकरी, शिक्षण, व्यसनमुक्ती, बघतो आम्ही, असं सांगितलं. क्रिस्टीन गुडॉल या जबड्याच्या सर्जन, रात्री फाटलेले चेहरे शिवून शिवून थकल्या होत्या, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये डॉक्टरांची संस्था काढली आणि शाळांमध्ये जायला लागल्या. २०१५ पासून तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत 'नेव्हिगेटर' नावाची माणसं बसतात, त्यातली काही स्वतः त्या आयुष्यातून बाहेर आलेली. जखमी पोरगा आला की हा माणूस त्याच्या खाटेपाशी जातो, कुणी मारलं ते विचारत नाही, आता तुला कुठे जायला भीती वाटतेय ते विचारतो. चाकू बाळगण्याच्या शिक्षाही तिथे कडक केल्या, हे लपवायचं कारण नाही. दोन्ही एकत्र चाललं. दहा वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्याच्याही खाली आले.

आपल्याकडे हे जमणार नाही, लोकसंख्या, पैसे, राजकारण, हे सगळं मला ऐकवून झालंय. मला पटत नाही. ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवकांची पदं असतात, ट्रस्टच्या हॉस्पिटलांतही असतात, फक्त त्यांना बिल माफीचे फॉर्म भरण्यातून मान वर करता येत नाही. एमएलसीची नोंद तर प्रत्येक केसला होतेच. त्या नोंदीबरोबर समाजसेवकाला एक निरोप गेला आणि तो माणूस टाके निघेपर्यंत एकदा जरी खाटेपाशी बसला तरी डिकीत कोयता ठेवायच्या आधी त्या पोराला दुसरं काहीतरी सुचवणारं कुणीतरी भेटलेलं असेल. मावशीकडे सासवडला दोन महिने राहा, हे साधं वाक्य सुद्धा कितीदा उपयोगी पडतं, कारण पहिले काही आठवडे निघून गेले की समोरचीही गरमी उतरते. आमच्या विभागात आम्ही आमच्यापुरतं एवढं चालू केलंय की अशी केस आली की समाजसेविका ताई पहिल्या आठवड्यातच भेटते, पोराला वेगळं आणि आईला वेगळं, आणि थेरपीची वेळ त्याच्या वस्तीतल्या पोरांच्या गर्दीत येणार नाही अशी देतो. एकाच मॅटरमधली दोन्ही बाजूची पोरं एकाच दिवशी बाकावर शेजारी येऊन बसलेली आम्ही बघितलीयत, दोघांच्या हाताला सारखंच स्प्लिंट, म्हणून हे वेळेचं फार महत्त्वाचं.

आणि नुकसानभरपाईचं. हे जवळपास कुणालाच माहीत नसतं म्हणून सविस्तर लिहिते, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा. गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकारकडून भरपाई मागता येते, २००९ साली फौजदारी कायद्यात त्यासाठी कलम आलं, आपल्या राज्याची योजना २०१४ पासून आहे, नवीन कायद्यातही ती तरतूद कायम आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, पुण्यात ते ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात आहे. वार कुणी केला हे सापडलं नसेल, खटला उभाच राहिला नसेल, तरीही जखमी माणूस अर्ज करू शकतो, आणि कायद्याप्रमाणे त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. वकील नसला तरी चालतं, १५१०० हा कायदेशीर मदतीचा नंबर फुकट आहे. डिस्चार्ज कार्ड, एमएलसीची नोंद, ऑपरेशनची आणि थेरपीची बिलं, सगळी कागदं जपून ठेवा, हाताचं अपंगत्व किती टक्के राहिलं त्याचा दाखला सरकारी हॉस्पिटलमधून घ्या. पण या सगळ्याला पोलिसांतली नोंद लागते, त्यामुळे पोरगा "पडलो" म्हणाला असेल तर त्याला पहिल्याच आठवड्यात समजावा, की खरं सांगितल्याशिवाय हातावरच्या खर्चाचा एक रुपया परत मिळणार नाही. बदला, कायदा, समाज यातल्या कशाने न हलणारी पोरं या एका मुद्द्यावर आईकडे बघतात आणि जबाब द्यायला तयार होतात, हे मी बऱ्याचदा बघितलंय.